तंत्रज्ञानाचा अंदाज आणि तीन दरपत्रकं : माझा अनुभव

आमच्या कॉलेजच्या विकास आराखड्यातलं 'उदयोन्मुख तंत्रज्ञान' हे प्रकरण लिहायला मला सहा आठवडे लागले. ते संस्थेच्या मध्यवर्ती कार्यालयात दाखल व्हायला चौदा आठवडे गेले. आवक क्रमांक मिळून महिना झाला, तरी त्या चौदा आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही. अनेक कॉलेजांत हेच काम चालू आहे, म्हणून लिहिते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेनं विकास आराखडा करावा असं म्हटलं आहे. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे प्राचार्यांनी २०२४ ते २०२९ चा तंत्रज्ञानाचा भाग माझ्याकडे दिला. प्रश्न सरळ होता. या पाच वर्षांत कोणती साधनं आपल्या तालुक्याच्या गावातल्या वर्गात खरोखर वापरात येतील?

आधी जुने अंदाज वाचले, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. चलच्चित्रांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, असं एडिसननं १९१३ मध्ये म्हटलं होतं. अमेरिकेतला 'होरायझन रिपोर्ट' २००४ पासून दरवर्षी उच्च शिक्षणात येऊ घातलेल्या तंत्रज्ञानाची यादी देत आला. २०१०, २०११ आणि २०१२ अशी तीन वर्षं त्यात हावभावांनी चालणारे संगणक 'चार-पाच वर्षांत येतील' या गटात आहेत. २०१२ च्या यादीत मूक्स, म्हणजे हजारोंना एकाच वेळी करता येणारे खुले ऑनलाइन अभ्यासक्रम, नाहीत, आणि त्याच वर्षी ते देणारे कोर्सेरा आणि एडएक्स सुरू झाले. आपल्याकडे २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला, २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त आकाश टॅबलेट आला. पण आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात व्हिडिओचे धडे पोचले ते २०१६ नंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर. वस्तू येणार हे लोकांना बऱ्याचदा बरोबर कळतं. चूक होते ती वर्षात, आणि ती वस्तू कशाच्या आधारावर येणार यात. आमच्या सगळ्या कामात मी हेच डोक्यात ठेवलं.

अंदाज काढायला डेल्फी पद्धत वापरली. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत हेल्मर आणि डाल्की यांनी ती बसवली. जाणकारांना वेगवेगळं विचारायचं (आमचा प्रश्न : हे साधन कोणत्या वर्षी वापरात येईल?), उत्तरं निनावी ठेवायची, मध्यक (उत्तरं क्रमानं लावली की मधोमध येतं ते) आणि पसारा (उत्तरं किती पांगली आहेत ते) सगळ्यांना दाखवायचा, ज्यांचं उत्तर टोकाचं आहे त्यांच्याकडून कारण लिहून घ्यायचं आणि पुन्हा विचारायचं. आमचे सतरा जण होते. प्राध्यापक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर, दोन माजी विद्यार्थी, तीन आत्ताचे विद्यार्थी. समोरासमोर बैठक घेऊ नका. मी पहिल्यांदा घेतली होती, ज्येष्ठ विभागप्रमुख बोलले आणि बाकी सोळा जणांनी माना हलवल्या. कागदावर लिहून घेतलं तर अक्षर ओळखू येतं. गूगल फॉर्म करा आणि त्यात ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा.

तीन फेऱ्या सुरळीत झाल्या. दुसऱ्या फेरीत कुणीतरी लिहिलं, 'घरात भावंडं तीन, फोन एक, रोजचा डेटा दीड जीबी, तो संध्याकाळी संपतो.' आभासी प्रयोगशाळेचा मध्यक २०२६ होता. हे वाक्य सगळ्यांनी वाचलं आणि तिसऱ्या फेरीत तो २०२८ वर गेला. सतरा जणांनी एकमेकांचं ऐकलं, आणि तेही कोण बोललं हे न कळता. या कामाचा मला मनापासून अभिमान आहे.

आमच्या अंतिम यादीत पहिल्या क्रमांकावर आलं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फोनवर इंग्रजी पाठ्यसाहित्य मराठीत समजावून सांगणारं. वर्ष २०२५-२६. दुसऱ्यावर, एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय ऐकता येतील असे दहा-दहा मिनिटांचे ध्वनिपाठ. मोठे टच पॅनेल अकराव्या क्रमांकावर गेले. परिचरांनी कारण दिलं असावं, कारण जुन्या प्रोजेक्टरच्या दिव्यांचा हिशेब त्यांच्याइतका कुणालाच माहीत नाही.

आता प्रपत्र. मध्यवर्ती कार्यालयाच्या नियोजन कक्षानं ऑनलाइन प्रपत्र दिलं होतं. रकाने असे : बाबीचे नाव, तपशील, नग, दर, एकूण रक्कम, सोबत तीन दरपत्रके. वर्षाचा रकानाच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी सहा आठवडे घालवले, ते लिहायला जागा नव्हती. 'नग' रिकामा ठेवला तर पान पुढे जात नाही. मी १ लिहिला. 'दर' मध्ये शून्य चालत नाही. मग नाइलाजानं १ रुपया लिहिला आणि खुलाशाचं पत्र जोडलं. हे अजिबात करू नका, त्या एका रुपयामुळे माझे तीन आठवडे गेले. प्रस्ताव परत आला. 'त्रुटी : दरपत्रके नाहीत.'

मी प्राचार्यांच्या सहीनं दुसरं पत्र दिलं. साधन विद्यार्थ्याच्या फोनवर आहे, कॉलेज काही विकत घेणार नाही, अंदाज वापराबद्दलचा आहे. उत्तर आलं, 'विहित नमुन्यात नाही.' फोन केला की सांगायचे, 'मॅडम, दरपत्रक असल्याशिवाय बाब ग्राह्य धरता येत नाही.' पहाटेच्या एसटीनं तीनदा जिल्ह्याला गेले. एकदा संबंधित लिपिक रजेवर, एकदा सर्व्हर बंद. एकदा अकरा ते चार बाकावर बसले आणि चारला कळलं की फाइल दुसऱ्या टेबलावर गेली आहे. त्या दिवशी परतीच्या बसची वाट पाहताना मला रडू आलं.

याच काळात पॅनेल विकणाऱ्या एका पुरवठादाराचा फोन आला. 'तिन्ही दरपत्रकं मीच देतो मॅडम, वेगवेगळ्या लेटरहेडवर.' मी नाही म्हटलं. संस्थेच्याच दुसऱ्या एका कॉलेजनं आठ पॅनेलची मागणी टाकली होती, ती आठवड्यात मंजूर झाली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना खरंच गरज असेल. पण त्या प्रपत्रात फक्त आज बाजारात विकायला असलेली वस्तूच बसते. जे अजून यायचं आहे त्याची दरपत्रकं कोण देणार? मग सगळ्या कॉलेजांच्या आराखड्यात पुरवठादाराच्या माहितीपत्रकातल्याच वस्तू येतात आणि त्याला आपण पाच वर्षांचा अंदाज म्हणतो. याचा मला फार त्रास होतो, कारण त्यावर पैसा खर्च होतो तो आमच्या मुलांच्या नावानं.

चौथ्या खेपेला मी लिपिकांकडे न जाता थेट कक्षाधिकाऱ्यांना भेटायची चिठ्ठी आत पाठवली. निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी प्रस्तावाची अकराही पानं वाचली. तोवर तिथं कुणीच वाचली नव्हती. म्हणाले, "मॅडम, ही खरेदी नाहीच. भाग 'क' काढा, प्रशिक्षण आणि क्षमतावर्धन. तिथं दरपत्रक लागत नाही, दिवस आणि मानधन लिहायचं." चाळीस मिनिटांत भरून झालं. प्राध्यापकांचं बारा दिवसांचं प्रशिक्षण, त्याखाली आमच्या पहिल्या पाच बाबी. इतकं हायसं वाटलं की त्यांचे आभार मानताना आवाज कापत होता. आणि बाहेर आल्यावर लगेच वाटलं, हे पहिल्याच फोनवर सांगता आलं असतं.

भाग 'क' मध्येही वर्षाचा रकाना नाही. मी 'शेरा' मध्ये प्रत्येक बाबीसमोर मध्यक आणि पसारा लिहिला : '२०२५-२६, सतरापैकी तेरा जण एका वर्षाच्या फरकात.' लिपिक म्हणाले, शेरा रिकामा ठेवतात. मी ठेवला नाही, तुम्हीही ठेवू नका.

एक राहिलंच. जाताना प्रस्तावाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवकचा शिक्का घेऊनच परत या. माझ्या पहिल्या दोन खेपांचा तिथं काहीच पुरावा नाही.

तिन्ही फेऱ्यांची उत्तरं छापून ग्रंथपालांकडे दिली आहेत, त्यांनी दाखल क्रमांक टाकला आहे. पहिल्या बाबीचं वर्ष जून २०२६ मध्ये संपतं. तेव्हा त्याच सतरा जणांना पुन्हा विचारायचं आहे. तिघे विद्यार्थी तोवर पास होऊन गेलेले असतील, म्हणून त्यांचे नंबर आत्ताच घेऊन ठेवलेत. एकानं सोबत आईचाही दिला, फोन तिच्याकडे असतो म्हणून.