झेरॉक्स मशीनच्या भंगारातून घरचं सीएनसी : माझा अनुभव

मी इंजिनियर नाही, ऐरोलीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, राहायला ठाण्यात सावरकर नगरला. मला लाकडात अक्षरं कोरायची होती, दारावरच्या पाट्या वगैरे, आणि तयार सीएनसी राउटरचं (कॉम्प्युटरच्या सूचनांवर लाकूड कोरणारं मशीन) कोटेशन ऐकून मी तो विषय सोडून दिला होता. तो परत काढला अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. अण्णा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, रिटायर होऊन सात वर्षं झाली. म्हणाले, "अगं मशीन म्हणजे शेवटी काय, तीन सरळ दांड्या आणि तीन आटे. बाकीचं कॉम्प्युटरचं तू बघ."

पहिली चूक आम्ही अशी केली की नेटवरून एक तयार ड्रॉइंग उतरवलं आणि त्यातल्या मापाचे पार्ट शोधत फिरलो. तीन रविवार गेले. शिळफाट्याकडे भंगाराची गोदामं आहेत तिथे हवं त्या मापाचं काहीच मिळेना, पण दुसरंच खूप मिळत होतं. शेवटी अण्णांनी ड्रॉइंग घडी करून खिशात टाकलं आणि सांगितलं की आधी माल घेऊ, मशीन त्याच्यावरून ठरवू. माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात बरोबर निर्णय हाच होता, कारण त्यानंतर काम पुढे सरकायला लागलं. एक बंद पडलेलं झेरॉक्स मशीन किलोवर घेतलं, आणि बिलिंगला वापरायचे ते रुंद डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असतात ना, १३२ कॉलमवाले, ते दोन. त्यांच्या हेडच्या दांड्या १२ एमएमच्या, चांगल्या कडक, पॉलिश केलेल्या. लांबी साधारण ४६० एमएम, म्हणून मशीनचा बेड ३०० बाय २६० ठरला, आमच्या पसंतीचा प्रश्नच नव्हता.

कोणी करणार असेल तर सांगते, इंकजेट प्रिंटर उघडण्यात फार वेळ घालवू नका. बहुतेकांमध्ये साधी डीसी मोटर आणि बारीक रेघांची प्लास्टिकची पट्टी असते, आपल्याला लागणारी स्टेपर मोटर, म्हणजे मोजून एकेक स्टेप फिरणारी, नसते. स्टेपर मिळते जुन्या डॉट मॅट्रिक्समध्ये, झेरॉक्समध्ये. आणि झेरॉक्स उघडताना घरात उघडू नका, मास्क लावा, टोनरची पावडर इतकी बारीक असते की आमच्या गॅलरीची फरशी दोन दिवस काळी होती. त्या मशीनची स्कॅनरवरची काच मात्र जपून काढा. ती एकदम सपाट असते. दांडी त्या काचेवर ठेवून हळू लोटायची आणि खालून डोळा लावून बघायचं, वाकडी असेल तर मध्ये उजेडाची फट उघडझाप करताना दिसते. आमच्या सहापैकी दोन दांड्या अशा बाद झाल्या, त्या वरवर बघून अण्णांनाही सरळच वाटल्या होत्या.

मोटरच्या वायरींनी मला खूप छळलं. चार वायरची असेल तर सोपं, दोन कॉइल, मल्टिमीटरने जोड्या सापडतात. मीटर नसेल तर दोन वायरी एकमेकींना चिकटवून शाफ्ट फिरवायचा, जड लागला की ती जोडी. सहा वायरची असेल तर प्रत्येक कॉइलची मधली वायर सोडून द्यायची, चालते. पाच वायरची मी दोन दिवस जपून ठेवली होती, पण तिच्यात दोन्ही कॉइलच्या मधल्या वायरी आतच जोडलेल्या असतात, आपल्या ड्रायव्हरवर (मोटरला करंट देणारं छोटं सर्किट) ती चालत नाही.

नवीन विकत घेतलं ते लॅमिंग्टन रोडवरून, ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, एकाच फेरीत : आर्डुइनो उनो (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), सीएनसी शिल्ड (उनोवर बसणारा, ड्रायव्हर लावायचा बोर्ड), चार ए४९८८ ड्रायव्हर (एक जास्तीचा, तो लागलाच), १२ एमएमची लिनिअर बेअरिंग, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). आट्यासाठी भारीतला लीडस्क्रू घेतला नाही, हार्डवेअरच्या दुकानातला एम८ चा थ्रेडेड रॉड घेतला. त्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, १.२५ एमएम.

सॉफ्टवेअर ग्रबल. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूडने २००९ मध्ये लिहिलं आणि फुकट देऊन टाकलं, उनोच्या ३२ केबीच्या मेमरीत बसतं आणि तीन अ‍ॅक्सिस (एक्स, वाय, झेड) चालवतं. मला याचं अजूनही नवल वाटतं. कॉम्प्युटरवरून जी-कोड (टूलने कुठे जायचं त्या सूचना) पाठवायला युनिव्हर्सल जीकोड सेंडर, ते पण फुकट. ग्रबलला एकच गोष्ट नीट सांगावी लागते, एक एमएम सरकायला किती स्टेप. आमचा हिशोब असा : मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप, ड्रायव्हरखाली दोन जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावले म्हणजे एका स्टेपचे आठ भाग, १६०० झाले, भागिले १.२५, म्हणजे १२८०. तिन्ही अ‍ॅक्सिसला १२८० टाकलं, बेडवर कागद चिकटवला, पेन बांधलं आणि ५० एमएमचा गोल काढायला सांगितला. निघालं अंडं. एका बाजूने ५०, दुसरीकडून २५.

मी रात्री दीड वाजेपर्यंत सेटिंग बदलत बसले. जंपर काढून लावले, ड्रायव्हर बदलला, आणि घाईत पॉवर चालू असताना मोटरची वायर उपटली, तिथेच एक ड्रायव्हर गेला (चालू ड्रायव्हरवरून मोटर कधीच काढायची नाही, कधीच). सकाळी अण्णांनी चष्मा लावून वाय अ‍ॅक्सिसच्या मोटरचं घासलेलं स्टिकर वाचलं आणि विचारलं, "यावर शून्य पॉइंट नऊ लिहिलंय, बाकीच्यांवर एक पॉइंट आठ. ते कसलं?" म्हणजे ही मोटर ०.९ डिग्रीची, फेऱ्याला २०० नाही तर ४०० स्टेपची. ग्रबलच्या सेटिंग १०१ ला, म्हणजे वायच्या, २५६० टाकलं आणि गोल गोल आला. भंगारातल्या मोटरी एका रांगेत ठेवून आधी स्टिकर वाचायचे, एवढंच करायचं होतं.

गोल आला तरी पेन दिशा बदलताना जरा थांबल्यासारखं व्हायचं. अण्णांनी डायल (बारीक माप दाखवणारं गेज) लावला, नट आणि आट्यामध्ये ०.४ एमएमचा प्ले, म्हणजे ढिलेपणा. ग्रबलमध्ये हा प्ले भरून काढायची सोय नाही, तो लोखंडातच काढावा लागतो. मग एकाच्या जागी दोन नट, मध्ये स्प्रिंग, दोन्ही नट दोन बाजूंनी आट्यावर दाबून बसतात. ०.०५ वर आला. आणि गुण्यात बसवणं! पूल (टूल धरणारी आडवी चौकट) बेडशी काटकोनात आहे का हे बघायला अण्णांनी दोन्ही कर्ण मापले, दीड एमएमचा फरक निघाला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्याच्या पट्ट्या एका पायाखाली सरकवल्या, तो साधारण ०.१ एमएम जाड असतो, एक पट्टी, मापा, परत एक पट्टी. चार संध्याकाळी नुसतं हेच चाललं होतं. मला तेव्हा वाटायचं एवढं कशाला, पण आज मशीन जे काम देतं ते या चार संध्याकाळींचं आहे, माझ्या सेटिंगचं नाही.

स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) म्हणून सुताराचा ट्रिमर लावला तर तो चालू केला की मशीन अलार्म देऊन बंद. लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचलं की दाबला जाणारा) दाबलेला नसताना दाबला असं ग्रबलला वाटत होतं, ट्रिमरच्या कार्बन ब्रशचा करंटचा गोंधळ स्विचच्या वायरीत शिरत होता. जुन्या मॉनिटरची व्हीजीए केबल कापली, तिला आत जाळी असते, ती वायर स्विचना वापरली, जाळी एकाच टोकाला अर्थ केली, प्रत्येक स्विचला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तेव्हापासून एकदाही नाही.

मग पहिली पाटी, "सावली". इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं लिहिली, त्यांचा पाथ (कडेची रेघ) केला, कोरायला दिली. आणि बघते तर स आणि काना जिथे शिरोरेषेत भेटतात तिथे टूल आडवं गेलेलं, प्रत्येक जोडावर एक उभी चीर, शिरोरेषा पाच तुकड्यांत. आपल्या लिपीत अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात, स्क्रीनवर काळ्यात काळं म्हणून दिसत नाही, पण मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी धरतं. इंग्रजी अक्षरं सुटी, त्यांना हा त्रास नाही, म्हणून मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत हे सांगितलेलं नव्हतं. उपाय एका क्लिकचा आहे, सगळी अक्षरं निवडून युनियन करायचं, मग अख्खा शब्द एकच आकार होतो. दुसरी पाटी जुन्या दाराच्या सागवानात केली, दोन एमएमचं टूल, एका वेळी अर्धा एमएम खोल, मिनिटाला ४०० एमएम. ६०० च्या वर आमचा थ्रेडेड रॉड थरथरतो आणि मोटर स्टेप सोडते. पन्नास मिनिटं लागली, अण्णा पूर्ण वेळ स्टूल घेऊन शेजारी बसले होते. ल ची गाठ आतून स्वच्छ निघाली तेव्हा त्यांनी भुसा फुंकून तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "कड धरतंय."

जुलैत बेडचं एमडीएफ पावसाच्या दमटपणाने फुगलं, एका कोपऱ्यात अक्षरं खोल, दुसऱ्यात नुसती ओरखड्यासारखी. आता खाली १८ एमएमचं मरीन प्लाय आहे, मशीनकडूनच वरून सपाट करून घेतलंय, आणि दांड्यांना दर आठवड्याला तेलाचा हात.

शिळफाट्याच्या त्याच गोदामात आता एक मोठा प्लॉटर (मोठी ड्रॉइंग काढणारं मशीन) आलाय, अण्णा बघून आलेत. रविवारी सकाळी आम्ही दोघं जाणार आहोत, ती झेरॉक्सची काच टॉवेलात गुंडाळून ठेवली आहे.