सव्वापाच लाखांचे न झालेले कर्ज

मी पुण्यात कोथरूडला आयकर सल्लागार म्हणून काम करतो. जुलै महिन्यात आमच्या कचेरीत एरवी पाय ठेवायला जागा नसते. मात्र २०२५ साली, ज्यांच्या हिशेबांना लेखापरीक्षण लागत नाही अशा करदात्यांची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढलेली होती आणि त्यामुळे थोडी उसंत मिळाली होती. अशाच एका पावसाळी शनिवारी दुपारी माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक गृहस्थ पत्नीसह आले. ते एका कारखान्यात अभियंता आहेत आणि वहिनी शाळेत शिकवतात. विवरणपत्राची कागदपत्रे पिशवीतच राहिली आणि वहिनींनी घरच्या हिशेबाचे एक छापील पान माझ्यासमोर ठेवून त्यातल्या एका आकड्याखाली बोट टेकवले. ‘देणी : क्रेडिट कार्ड’ या शीर्षकापुढे ५,२४,७३५ रुपये अशी बाकी छापलेली होती.

“सर, हे सव्वापाच लाख कुठे गेले, एवढेच मला तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे,” त्या म्हणाल्या. “हे म्हणतात, दर महिन्याचे बिल भरतो. मग कर्ज कशाचे?”

गृहस्थ गप्प होते. कार्डाचे बिल महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास येते आणि आपण ते भरतो हे त्यांना पक्के माहीत होते. पण स्वतःच्या हाताने वर्षभर लिहिलेला हिशेब आपल्याविरुद्ध साक्ष का देतो, हे त्यांना सांगता येत नव्हते. त्याच पानावर आणखी एक आकडा होता आणि त्यावर मात्र दोघांचाही विश्वास बसला होता. वर्षाचे हाती आलेले उत्पन्न १३,६२,००० रुपये, खर्च १६,२४,३५५ रुपये, म्हणजे तूट २,६२,३५५ रुपये. या तुटीच्या भीतीने त्यांनी जूनपासून म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, बंद केली होती, आणि मुलीला बाहेरगावचे महाविद्यालय यादीतून काढायला सांगितले होते.

हिशेब होता ग्नूकॅश या सॉफ्टवेअरमध्ये. १९९८ पासून मोफत मिळणारे हे सॉफ्टवेअर दुहेरी नोंद पद्धतीवर चालते. त्यात एकच बाजू लिहून थांबता येत नाही. पैसा कोणत्या खात्यातून निघाला आणि कोणत्या खात्यात गेला, दोन्ही सांगावेच लागते. गृहस्थांनी ते माझ्याच सांगण्यावरून घेतले होते, हे इथे कबूल केले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना सांगितले होते की कार्डाने केलेली प्रत्येक खरेदी किराणा, औषधे, पेट्रोल अशी मथळ्यानुसार टाका, म्हणजे पैसा कुठे जातो ते दिसेल. बिल भरल्यावर काय लिहायचे, हे मात्र मी सांगितले नव्हते. मला ते इतके उघड वाटत होते की सांगायचे सुचलेच नाही.

त्यांनी लॅपटॉप आणला होता. मी आधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवली आणि मग मालमत्तेच्या बाजूने सुरुवात केली. माझी ही जुनी सवय आहे. खर्चाचे मथळे माणूस स्वतःच्या समजुतीने पाडतो, त्यामुळे ते फसवू शकतात. बँकेतली शिल्लक, मुदत ठेवी आणि फंडातली गुंतवणूक यांना मात्र बाहेरचा पुरावा असतो. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात या तिन्हींची बेरीज २,२३,९६० रुपयांनी वाढलेली होती, तीही एसआयपीत भरलेली रक्कम मूळ किमतीनेच धरून. ज्या घराला वर्षात अडीच लाखांवर तूट आली आणि ज्याने कुणाकडून उसनवारी केलेली नाही, त्याची पुंजी सव्वादोन लाखांनी वाढेल कशी? मी तुटीचा आकडा आणि वाढीचा आकडा यांची बेरीज केली. ती आली ४,८६,३१५. मग कार्डाच्या खात्यात जाऊन वर्षभरातल्या खरेदीची एकूण रक्कम पाहिली. तीही ४,८६,३१५ होती, एका रुपयाचाही फरक नव्हता.

कार्डाच्या खात्यात दोन स्तंभ असतात. चार्जच्या स्तंभात खरेदी उतरते आणि पेमेंटच्या स्तंभात आपण भरलेली रक्कम. त्यांचा चार्जचा स्तंभ वरपासून खालपर्यंत भरलेला होता आणि पेमेंटचा स्तंभ वर्षभर कोरा होता.

पुढे काय घडले असावे, ते बँकेच्या खात्यात गेल्याबरोबर दिसले. रोज संध्याकाळी मोबाइलवर आलेले संदेश पाहून ते कार्डाची खरेदी हाताने नोंदवत. बँकेचे विवरण मात्र महिन्यातून एकदा फाइल उतरवून थेट आत घेत. एप्रिल महिन्यात त्या विवरणात कार्डाचे बिल भरल्याची ओळ आली, सॉफ्टवेअरने समोरचे खाते विचारले आणि त्यांनी खर्चाखाली ‘क्रेडिट कार्ड बिल’ असा नवा मथळा उघडला. मागच्या नोंदींचे वर्णन पाहून पुढच्या नोंदीला खाते सुचवण्याची सोय ग्नूकॅशमध्ये आहे. त्यामुळे मे महिन्यात त्याने आपण होऊन तोच मथळा सुचवला आणि यांनी होकार दिला. चूक माणसाने एकदा केली. पुढच्या अकरा वेळा यंत्राने ती मुकाट्याने त्यांच्या हाती वाढली. अशा बारा नोंदी मिळून ४,७९,८०० रुपये खर्चात चढले होते.

“पण सर, बँकेतून पैसे गेले म्हणजे खर्च झालाच ना?” त्यांनी विचारले. “आणि बँकेची शिल्लक तर माझी अगदी पैशापर्यंत जुळते.”

त्यांची सगळी फसगत या दुसऱ्या वाक्यात होती. बँकेच्या खात्यातून रक्कम वजा झाली की ते खाते जुळते. ती रक्कम समोर खर्चात गेली, देण्यात गेली की ठेवीत गेली, याच्याशी बँकेच्या शिलकीला काही देणेघेणे नसते. एसआयपीची रक्कम त्यांनी बरोबर गुंतवणुकीच्या खात्यात टाकली होती, कारण ती खर्च नव्हे हे त्यांना मनातून पटलेले होते. कार्डाचे बिल भरताना मात्र खिसा हलका होतो आणि बदल्यात हाती काही येत नाही, म्हणून तो खर्चच वाटतो. वास्तविक खर्च किराणा घेतला त्या दिवशीच झालेला असतो. त्या दिवशी खर्च वाढतो आणि तेवढेच देणे वाढते; बिल भरले की बँकेतली शिल्लक घटते आणि तेवढेच देणे घटते. खर्चाच्या मथळ्याला तेव्हा हात लावण्याचे कारण उरत नाही.

हे मी कागदावर मांडून सांगू लागलो होतो, तोच वहिनींनी मला थांबवले. त्यांच्या वडिलांचे गावी किराण्याचे दुकान होते. “बाबा माल दिला त्याच दिवशी विक्री लिहायचे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या तारखेला गिऱ्हाइकाने पैसे आणून दिले की ते उधारीच्या पानावरून वजा करायचे. ते पैसे पुन्हा विक्रीत लिहिले असते तर दुकान कागदावर दुप्पट चाललेले दिसले असते. आमचे घर तसेच कागदावर दुप्पट खर्चात गेले म्हणायचे.” दुकानदाराच्या बाजूने मांडलेले हे उदाहरण माझ्या कागदापेक्षा सरस होते. मी कागद बाजूला ठेवला.

दुरुस्ती सोपी होती. बँकेच्या खात्यातल्या त्या बारा नोंदी एकेक करून उघडायच्या आणि समोरचे खाते बदलून ‘देणी : क्रेडिट कार्ड’ करायचे. गृहस्थांनी ते माझ्यासमोर स्वतःच केले, आणि प्रत्येक नोंदीबरोबर कार्डाची बाकी उतरताना वहिनी पडद्याकडे पाहत राहिल्या. बाराव्या नोंदीनंतर ५,२४,७३५ चे ४४,९३५ झाले. ‘क्रेडिट कार्ड बिल’ हा मथळा रिकामा झाला, तो आम्ही काढून टाकला. नव्या अहवालात खर्च ११,४४,५५५ आला आणि तुटीच्या जागी दोन लाखांहून अधिक शिल्लक दिसू लागली. चहा मागवला गेला. मुलीला लगेच फोन करावा की घरी जाऊन सांगावे, यावर दोघांचे थोडे बोलणे झाले.

काम इथे संपले असते, तर हा दिवस माझ्या लक्षात राहिला नसता. अशी दुहेरी मोजणी मी यापूर्वीही पाहिलेली आहे. परंतु खाते एकदा ताळ्यावर आले की ते बाहेरच्या कागदाशी पडताळल्याशिवाय सोडायचे नाही, असा माझा शिरस्ता आहे, म्हणून मी त्यांना कार्डाची मासिक विवरणे उघडायला सांगितली. त्यांच्या कार्डाचे विवरण दर महिन्याच्या १८ तारखेला निघते, तेव्हा मार्च आणि एप्रिलची विवरणे शेजारी ठेवून ३१ मार्चची बाकी काढावी लागली. ती ५३,३४४ आली. आपल्या वहीत ४४,९३५. फरक ८,४०९ रुपयांचा.

गृहस्थांना तो किरकोळ वाटला. पाच लाखांचा घोळ नुकताच निस्तरलेल्या माणसाला तसे वाटणारच. पण मला तो पाच लाखांपेक्षा गंभीर वाटत होता, कारण पाच लाख केवळ कागदावर होते आणि हे आठ हजार बँक खरोखर मागत होती.

बाराही विवरणे ओळीने वाचायला पाऊण तास लागला. जूनच्या विवरणात एकूण देय रक्कम ४१,६७४ होती आणि यांनी ४१,००० भरले होते. आकडा आठवणीतून टाकला होता, वरचे ६७४ राहून गेले. नोव्हेंबरच्या बिलातही असेच घडले. फेब्रुवारीत देय तारीख रविवारी आली आणि त्यांनी पैसे मंगळवारी पाठवले. कार्डाच्या बाबतीत पुष्कळांची समजूत अशी असते की व्याज फक्त राहिलेल्या ६७४ रुपयांवर लागेल. प्रत्यक्षात बिल पूर्ण भरले नाही की बिनव्याजी मुदतच जाते. मग प्रत्येक खरेदीवर, ती ज्या दिवशी केली त्या दिवसापासून पैसे पोहोचेपर्यंत व्याज धरले जाते, आणि नव्या खरेदीलाही सवलत राहत नाही. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, असा त्यांच्या कार्डाचा दर होता. जूनमधल्या ६७४ रुपयांपायी पुढच्या विवरणात २,२१० रुपये व्याज आले होते. फेब्रुवारीतला उशीर दोन दिवसांचा होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक थकल्याशिवाय उशीर शुल्क लावता येत नव्हते, त्यामुळे ते शुल्क लागलेले नव्हते. व्याज मात्र लागले होते. तीन वेळचे मिळून व्याज ६,५५१, कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९, आणि या दोन्हींवर १८ टक्के दराने जीएसटी १,२६९, असे ८,३१९ रुपये झाले.

यांतली एकही रक्कम मोबाइलवर खरेदीच्या संदेशासारखी आलेली नव्हती, म्हणून ती वहीतही आलेली नव्हती. पुढच्या बिलाबरोबर व्याज भरले गेले, तेव्हा ते ‘क्रेडिट कार्ड बिल’ या घाऊक मथळ्यात बुडून गेले. कार्डाच्या खात्याची विवरणाशी जुळणी एकदा जरी केली असती तरी हे पहिल्याच महिन्यात समोर आले असते. ग्नूकॅशमध्ये जुळणी पुरी झाली की कार्डाच्या बिलाची नोंद आत्ताच करायची का, असे विचारणारी खिडकी येते आणि त्यात रक्कम बँकेच्या खात्यातून थेट कार्डाच्या खात्यात जाते. ती खिडकी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. वहीत चढत चाललेली लाखांची बाकी आणि विवरणातले चाळीस हजार यांचा मेळ बसणे शक्य नसल्यामुळे जुळणीच्या वाटेला ते गेलेच नव्हते.

८,४०९ मधून ८,३१९ गेले, ९० रुपये उरले. इथे मला मनातून बरे वाटले, कारण फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे पडल्याची शंका घ्यावी, ही हिशेबनिसांची जुनी युक्ती वर्षातून एखाद्याच वेळी कामी येते. जानेवारीत औषधांचे १,८७० रुपये १,७८० म्हणून लिहिलेले सापडले.

मग अखेरची जुळणी केली. सुरुवातीचे देणे ३८,४२०, दुरुस्त खरेदी ४,८६,४०५, व्याज आणि शुल्क ८,३१९, त्यातून भरलेले ४,७९,८०० वजा, बाकी ५३,३४४. वर्षाची खरी शिल्लक २,०९,०३६ ठरली. कार्डाचे बिल बँकेतून आपोआप वळते करून घेण्याचा अर्ज त्यांनी तिथेच मोबाइलवर भरला. त्यात किमान देय रक्कम की एकूण देय रक्कम असा पर्याय विचारतात, तेव्हा ‘एकूण’ निवडले ना, हे मी स्वतः डोकावून पाहिले. विवरणपत्राचे काम त्यानंतर वीस मिनिटांत झाले. या सगळ्या घोळाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

निघताना एकच नोंद राहिली होती. व्याज, शुल्क आणि करापोटी गेलेले ८,३१९ रुपये कोणत्या मथळ्याखाली टाकायचे, असे सॉफ्टवेअर विचारत होते. गृहस्थांनी यादीतून ‘इतर खर्च’ निवडला. वहिनींनी त्यांचा हात थांबवला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि ‘कार्डाचे व्याज व शुल्क’ असे नवे खाते उघडून रक्कम तिथे लिहिली.