पान १८७ वरच्या रेघा

टेबलावर अकरा प्रती पसरलेल्या होत्या आणि लेखक चाळीस पानं कापायच्या तयारीनं आले होते. दहशतवादविरोधी पथकावरची कादंबरी, ६१ प्रकरणं, ४१२ पानांचं हस्तलिखित. अकरा वाचकांपैकी आठ जणांनी अभिप्रायपत्रकात जवळपास एकच वाक्य लिहिलं होतं: "मधला भाग रेंगाळतो." त्यावरून लेखकांनी प्रकरण २४ वर फुली मारूनही टाकली होती. त्या प्रकरणात दोन अधिकारी बंद व्हॅनमध्ये बसून चौदा पानं एका दरवाज्यावर पाळत ठेवतात आणि दरवाजा काही उघडत नाही.

"फुली राहू द्या, आधी रेघा मोजू," मी म्हणाले.

छपाईआधीच्या वाचनाची आमची पद्धत साधी आहे. प्रत कागदावर द्यायची, सोबत पेन्सिल. वाचक जिथे वाचन थांबवेल तिथे समासात आडवी रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. वेळेशिवाय रेघेला अर्थ नाही; रात्री साडेबाराची रेघ झोपेची असू शकते, संध्याकाळी सातची नसते. दर दहा प्रकरणांनी एकच प्रश्न: पुढे काय होईल असं वाटतं? "आवडलं का?" हे अगदी शेवटी, तेही एकदाच विचारायचं. अकरांत पाच जण थरारकथांचा फडशा पाडणारे, तीन क्वचित वाचणारे आणि तीन जाणकार: बॉम्बशोधक पथकातून निवृत्त झालेले अधिकारी, एक दूरसंचार अभियंता आणि अपघात विभागात वर्षानुवर्षं काम केलेली परिचारिका. लेखकाच्या ओळखीचं कुणी घ्यायचं नाही. ओळखीची माणसं रेघा मारत नाहीत, कौतुक करतात.

मोजलं. व्हॅनमधल्या चौदा पानांत एकही रेघ नाही. पान १८७ ते १९४ मध्ये मात्र नऊ जणांच्या रेघा, बहुतेक संध्याकाळच्या. ते होतं प्रकरण २८, गोदामातला गोळीबार. पुस्तकातला सगळ्यात वेगवान प्रसंग.

"अहो, पण इथे तर दर ओळीला गोळी सुटते!" लेखक म्हणाले.

सुटते, पण कशासाठी? प्रकरण २७ मध्ये खबऱ्या मारला जातो आणि स्फोटाची मुदत ३६ तासांवरून पाच दिवसांवर जाते. वाचकाच्या डोक्यावरची टांगती तलवार लेखकानं आपल्या हातानं उतरवून ठेवली होती. त्यानंतर कितीही गोळ्या झाडा, वाचकाला त्यातून काही जाणून घ्यायचंच नव्हतं. व्हॅनमध्ये निदान दरवाजा उघडतो का, हे तरी कळायचं होतं. "रेंगाळतो" ही तक्रार खरी होती, फक्त ती वेगाची नव्हती. "मधला भाग" या मोघम शब्दांनी लेखकांना भलत्याच प्रकरणाकडे पाठवलं होतं. मुदत पुन्हा ३६ तासांवर आणायची आणि गोळीबार आठ पानांवरून तीन पानांवर, एवढं तिथल्या तिथे ठरलं.

बॉम्बशोधक अधिकाऱ्यांची प्रत लाल शाईनं माखलेली. ३१ मुद्दे. काही नेहमीचे यशस्वी: सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाचा "फुस्स" आवाज. पिस्तुलाचा आवाज साधारण १६० डेसिबलचा, सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस कमी करतो, म्हणजे उरलेला आवाजही शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्याला उठवून बसवेल. हातबॉम्बची पिन दातांनी उपसणं: पिनेची टोकं फाकवलेली असतात, दात आधी हातात येईल. गोळीबारानंतर दरवळणारा कॉर्डाइटचा वास: ती बंदुकीची दारू दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू वापरातून गेली, पण थरारकथांत अजून जळते. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी नेताच माणूस बेशुद्ध होतो, त्या ओळीसमोर परिचारिकेनं लिहिलं होतं, "काही मिनिटं लागतात. तोवर तो काय करतो?"

सगळ्यात जास्त लाल शाई बॉम्बच्या प्रसंगावर सांडली होती. नायक साध्या शर्टात पुढ्यात बसून लाल वायर कापू की निळी, यावर चार पानं घाम गाळतो. अधिकाऱ्यांची टीप: "रंग बनवणाऱ्याच्या हाताला जे सापडेल ते. आणि माणूस जवळ जाऊच नये, हा आमचा पहिला प्रयत्न." आधी परिसर रिकामा करायचा, मग रोबो पुढे, जमलं तर दुरूनच पाण्याचा जबरदस्त फटका मारून जोडणी तोडायची. माणसाला जावंच लागलं तर अंगावर तीस-पस्तीस किलोंचा सूट. वाकणं कठीण, हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास कानात घुमतो. लेखकांनी हे वाचताना वही काढली. मलाही वाटलं, चार पानांच्या घामापेक्षा हा श्वास जास्त उपयोगाचा.

पण ३१ दुरुस्त्या सरसकट करायच्या नव्हत्या. उरलेल्या आठ वाचकांनी यांतली एकही चूक पकडली नव्हती. त्यांनी पकडलं ते वेगळंच: १५ गोळ्यांच्या मॅगझिनमधून सुटलेल्या १९ गोळ्या, आणि प्रकरण ३३ मधल्या पौर्णिमेनंतर चारच दिवसांनी उगवलेली अमावास्या. वाचक हिशेब तपासतो, हत्यार नाही.

अपवाद एकच, जिच्यावर कथानकच उभं आहे अशी चूक. शेवटचा सगळा ताण "फोन कुठून येतोय ते सापडेपर्यंत त्याला ४० सेकंद बोलण्यात गुंतवून ठेव" यावर होता. अभियंत्यानं एवढंच लिहिलं, की हे यांत्रिक एक्स्चेंजच्या काळातलं, जेव्हा माणूस एकेक स्विच मागे शोधत जायचा. आता कॉल लागताक्षणी नंबरची नोंद होते. मोबाइल कुठे आहे हे टॉवरवरून कळतं, पण दाट वस्तीत काही शे मीटर आणि मोकळ्या माळावर काही किलोमीटर इतकं ढोबळ. म्हणजे अडचण सेकंदांची नाही, दरवाज्यांची आहे. चार माणसं, तीन इमारती, शंभरावर दरवाजे आणि बेल वाजवायची सोय नाही. खरी माहिती इथे खोट्या ४० सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त ताणणारी निघाली.

ओलिसांच्या सुटकेबद्दल पाच जणांनी लिहिलं होतं, "फार लवकर संपतं." लेखक सहा पानांची वीस करायला निघाले. अधिकाऱ्यांची टीप नेमकी उलट: हल्ला बरोबर, आधीची वाट बघणं कमी. लंडनमधल्या इराणी दूतावासाचा वेढा ३० एप्रिल ते ५ मे १९८०, सहा दिवस चालला. एसएएसचा, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या विशेष दलाचा, प्रत्यक्ष हल्ला उरकला १७ मिनिटांत. त्यातही गच्चीवरून उतरणारा एक सैनिक दोरात अडकला, कुणाच्या तरी पायानं काच फुटून चाहूल लागली आणि पेटलेल्या पडद्यांनी त्या लटकलेल्या सैनिकाला भाजलं. आमच्या हस्तलिखितात एकही दोर अडकत नव्हता. सहा पानं तशीच ठेवली, त्यांच्याआधी वाट बघण्याची दहा घातली आणि एक दोर अडकवला.

खरा वाद झाला तो चौकशीच्या प्रसंगावर. नायक संशयिताला बडवतो आणि दोन मिनिटांत खरा पत्ता मिळतो. दोघांनी समासात "पटत नाही" लिहिलेलं. लेखकांचं म्हणणं, वाचकांना हेच हवं असतं. मी त्यांना डिसेंबर २०१४ मधल्या अमेरिकी सिनेट समितीच्या अहवालाची आठवण दिली. सीआयएच्या जबरदस्तीच्या चौकशीतून माहिती मिळवणं परिणामकारक ठरलं नाही, असा त्याचा पहिलाच निष्कर्ष आहे. ते काही हलले नाहीत. मग हान्स शार्फ काढला. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन वायुदलाचा चौकशी अधिकारी. पकडलेल्या वैमानिकांवर हात न उगारता तो त्यांच्याबरोबर फिरायला जायचा, आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे अशा थाटात गप्पा मारायचा आणि समोरच्यानं त्याची चूक दुरुस्त केली, की हवं ते हाती यायचं. लेखकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पत्ता कुठल्या वाक्यात निसटला, हे वाचकालाही कळायला नको," ते म्हणाले. तो प्रसंग त्यांनी त्याच आठवड्यात लिहून पाठवला. पुस्तकातला सर्वांत चांगला तोच.

फितुराचं नाव सात जणांनी विसाव्या प्रकरणाअखेरीसच ओळखलं होतं. प्रत्येक बैठकीला हजर आणि काम काहीच नाही असं ते एकच पात्र. त्याला पाळ्या लावायचं काम दिलं, प्रश्न मिटला.

नवी संहिता चार नव्या वाचकांकडे गेली. प्रती परत आल्या तेव्हा लेखकांनी आधी पान १८७ उघडलं. तीन प्रती कोऱ्या. चौथीत रेघ होती, पेन्सिल थोडी घसरलेली, वेळ रात्री २:१०. तिच्या खालोखाल दुसरी, सकाळी ६:०५, "पुढे" असं लिहिलेलं.

"ही मोजायची का?" त्यांनी विचारलं.

"ही नाही."