जुन्या रेल्वेलाईनवरून पळत, अख्खा डोंगर उतरून

भाचा सिएटलजवळ राहतो, त्यानेच माझं नाव घातलं तिकडच्या टनेल मॅरेथॉनमध्ये, आणि मला फोनवर एवढंच सांगितलं की मावशी, सगळा उतार आहे, मजा येईल. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पहाटे पाचला मेळा ग्राउंडवर फेऱ्या मारणारीला आणि रविवारी किल्ल्याच्या उरवाई गेटचा चढ चढणारीला उतार म्हटलं की काय वाटणार, लाडू फुटले मनात!

जूनमध्ये तिथे गेले. सुरुवात हायक नावाच्या जागी, स्नोक्वाल्मी खिंडीजवळ. आमच्याकडे 45 डिग्री सोडून आलेली मी, आणि इथे सकाळी तोंडातून वाफ निघत होती. सगळे जण टोप्या, हातमोजे आणि कपाळावर टॉर्च लावून उभे, जणू खाणीत कामाला निघालेत. टॉर्च कशाला ते लगेचच कळलं. थोडं पळलं की समोर बोगदा, साधारण 3.7 किलोमीटर लांब, आत एकही दिवा नाही. 1915 पासून त्यातून मिलवॉकी रोड कंपनीच्या गाड्या धावायच्या, पुढे तर विजेच्या इंजिनांवर. 1977 ला कंपनीचं दिवाळं निघालं, 1980 ला ही लाईनच बंद झाली, मग रूळ निघाले आणि सरकारने जमीन घेऊन, बारीक खडी टाकून चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना रस्ता करून दिला.

बोगद्यात शिरल्यावर घड्याळाचं जीपीएस गेलं, वेग किती, अंतर किती, काही पत्ता नाही. छतातून थेंब ठिबकतात, एक बरोबर माझ्या मानेत पडला आणि मी जी काही किंचाळले ती पुढच्या चार जणांनी तरी ऐकली असणार. पायाखाली फक्त टॉर्चपुरता गोल उजेड, आणि शेकडो बुटांचा खरखर आवाज भिंतींवर आपटून परत येतो. बोगदा सरळसोट आहे म्हणून दुसरं टोक लांबूनच दिसायला लागतं, टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका, आणि कितीही पळा तो ठिपका वाढतच नाही हो! बऱ्याच वेळाने एकदम थंड हवा, देवदारासारखी उंच झाडं आणि डोळ्यांवर सरळ ऊन.

इथून पुढे डोंगराच्या कुशीतून खाली खाली. बर्फापासून बचावाला बांधलेली जुनी लाकडी शेड लागते, मग हॅन्सन क्रीक नावाच्या ओढ्यावरचा उंच पूल, तिथून खाली बघितलं तर दरीपलीकडे हायवेवरचे ट्रक खेळण्यातले वाटतात. एके ठिकाणी वाटेला लागूनच कातळ आहे आणि लोक दोरावर लटकून चढत होते, त्यातल्या एकीने वरून ओरडून मला शाबासकी दिली.

आता उताराबद्दल. आगगाडीला खडा चढ झेपत नाही म्हणून रेल्वेवाले डोंगराला वळसे घालून शंभर फुटांत दोनेक फुटांपेक्षा जास्त चढ येऊ देत नाहीत. तोच रस्ता उलटा पळायला मिळाला की वेग छान लागतो, बॉस्टन मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी लागणारी वेळ गाठायला लोक मुद्दाम इथे येतात ते यासाठीच. पण एकूण दोनेक हजार फूट उतरायचं, आणि तेही कुठे सपाटी नाही, कुठे चढ नाही, एकच एक हालचाल, त्यामुळे मांडीचे पुढचे स्नायू सतत ब्रेक मारत राहतात. तीस किलोमीटरनंतर माझ्या मांड्यांनी संप पुकारला. किल्ल्याच्या चढावर दम जातो पण पायांना बदल तरी मिळतो, इथे दम शाबूत आणि पाय गेलेले.

शेवटचे काही किलोमीटर चालत-पळत काढले आणि सारखी आमची नॅरोगेज डोक्यात. ग्वाल्हेर-श्योपूर, दोन फुटी रूळ, दोनशे किलोमीटर, टपावर माणसं बसलेली, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच, मग तिकडे ब्रॉडगेज करायला घेतलं. ते व्हायलाच हवं होतं, सबलगढ-श्योपूरच्या लोकांनी किती वर्षं दिवस-दिवसभर डुगडुगत जायचं? पण शहरातला घोसीपुरा-मोतीझीलचा पट्टा मॉर्निंग वॉकवाल्यांना दिला तर कोणाचं काय जाणार आहे? जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आपण तिकीट काढून पाहुण्यांना दाखवतो, आणि खऱ्या गाडीच्या वाटेवर टपऱ्या उभ्या राहायची वाट बघायची. अमेरिकेत 1983 पासून कायदाच आहे, बंद लाईनची जमीन तुकडे करून न विकता वाट म्हणून राखता येते, उद्या रेल्वेला परत हवी झाली तर तयार. मला तरी ही युक्ती फार आवडली.

असो. नॉर्थ बेंडच्या बाजूला शर्यत संपली, मेडल गळ्यात, भाच्याने आणलेले गार पोहे पोटात. कोणाला जायचं असेल तर टॉर्च चांगला घ्या, फोनच्या उजेडावर निभत नाही, तयारीत उतारावर पळायचा सराव ठेवा, आणि राहायची सोय तळमजल्यावर बघा. भाच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोन दिवस मी जिना कठडा धरून उलटी उतरत होते आणि सूनबाई खाली उभी राहून व्हिडिओ काढत होती.