आल्टोच्या रांगेतून

वसईच्या आमच्या धर्मग्रामात नाताळगीतांचा वार्षिक कार्यक्रम डिसेंबरात होतो, पण खरी मजा त्याआधीच्या तालमींची. नोव्हेंबर लागला की जेवणं लवकर उरकून माणसं चर्चशेजारच्या हॉलमध्ये जमू लागतात. कुणी विरार लोकलमधून उतरून रिकाम्या डब्यासकट थेट आलेला, कुणी वाडीतलं काम आटोपून हातपाय धुऊन आलेली. चहाचा थर्मास फिरतो, कुणाच्या तरी घरची सुकेळी निघतात. वेळ साडेआठची असते. बासवाले, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजात गाणारे पुरुष, नऊशिवाय येत नाहीत, हे गृहीत धरलेलं.

लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) गात वाढलेली मंडळी आमच्या गायनमंडळात बरीच वर्षं होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) उपासना मराठीत आली, पण सोप्रानो, आल्टो (बायकांचे वरचा आणि खालचा), टेनर, बास (पुरुषांचे तसेच दोन) अशी चार आवाजांत गायची सवय सुटली नाही. आमचे सर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, हाताने लिहीत, पाच रेघा पट्टीने आखून. त्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. शेवटच्या रांगेपर्यंत कागद पोचेस्तोवर अर्धा स्वर कुठला आणि डाग कुठला ते कळत नसे. तसंही नोटेशन वाचणारे चार-पाच जणच. बाकीचे कानावर. म्हणून सर ऑर्गनवर एकेका आवाजाची ओळ वाजवत बसायचे आणि उरलेले तिघे तोवर गावगप्पा करायचे. सर्वांत हाल आम्हा आल्टोच्या बायकांचे. मूळ चाल सोप्रानोकडे, आणि ती शेजारीच घुमत असते. दोन ओळी झाल्या की निम्मी रांग तिच्या मागे निघून जायची.

मग मंडळातल्या एका कॉलेजच्या मुलाने लॅपटॉपवर म्युझस्कोर आणलं. हे नोटेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ही पहिली बातमी. खजिनदारांना तेवढीच पुरली. सरांना नाही. त्यांनी एक अख्खं गीत त्याच्याकडून भरून घेतलं, छापलेलं पान चष्मा वर करून तपासलं आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा सुवाच्य आहे, एवढं मान्य."

खरा फरक पडला तो त्यातल्या आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरमुळे. चारही आवाज भरले की हवा तो मोठा आणि बाकीचे बारीक करून ऐकता येतात. त्या मुलाने प्रत्येक आवाजाची वेगळी ध्वनिफीत करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. आता लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेली आमची नर्सबाई अंधेरीपर्यंत आल्टोची ओळ ऐकत जाते. चाल मागे बारीक वाजत असते, त्यामुळे तिला टक्कर देत आपली ओळ धरायचा सरावही होतो. पट्टीचंही तसंच. थंडीत सोप्रानोचे गळे बसले की सर पूर्वी रात्र जागून अख्खं गीत अर्धा स्वर खाली लिहून काढत. आता चहा संपायच्या आत ते होतं.

देवनागरी शब्द स्वरांखाली बसवणं मात्र कटकटीचं. एक अक्षर टाइप केलं की हायफनची कळ दाबून पुढच्या स्वरावर जायचं. पण ‘ख्रिस्त’मधला अर्धा स पहिल्या स्वराला द्यायचा की दुसऱ्याला? लिहिताना तो दुसऱ्याला चिकटतो, गाताना पहिल्यावर तुटतो. यावर एका तालमीत एवढा वाद रंगला की फादर स्वतः डोकावून गेले.

यंत्राचा आणखी एक गुण, म्हणजे खरं तर अवगुण, टेनरांनी शोधून काढला. संगणक श्वास घेत नाही. फीत ऐकून पाठ केलेल्या टेनरांनी लांबलचक ओळ एका दमात गायचा चंग बांधला आणि शेवटच्या शब्दाला सगळे लालबुंद. तेव्हापासून सर आधी श्वासाची चिन्हं घालायला लावतात, मगच फीत निघते.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन आम्ही दरवर्षी घेतोच. ते मात्र सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं नाही. मुलाने प्रयत्न केला होता. स्वर सगळे बरोबर होते, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कुठेच नव्हती, आणि ऐकायला ते बँकेच्या टोकन मशीनसारखं वाटलं. मला विचाराल तर बरंच झालं. मंडळातल्या सर्वांत वयस्कर आजी पेटी पुढ्यात ओढून ते भजन म्हणतात आणि आम्ही मागून उचलतो. त्या रात्री कुणी गप्पा मारत नाही.

तालमींचा निम्मा वेळ वाचल्यावर तो कुठे गेला, असं वाटेल. गाण्यातच गेला. कुठे हळू व्हायचं, कुठला शब्द उचलायचा, यावर सर आता तासभर घालवतात. पूर्वी तिथवर पोचेपर्यंत नाताळ येऊन ठेपलेला असे. आणि आल्टोला आपली ओळ नीट ऐकू येऊ लागल्यामुळे नवीनच तक्रार सुरू झाली आहे: तीन ओळी एकाच स्वरावर! यंदा आम्ही सर्वांनी मिळून सरांकडे मागणी केली की निदान दुसऱ्या कडव्यात तरी आम्हाला फिरायला जागा द्या. सर हसले, लॅपटॉपवाल्या मुलाला जवळ बसवलं आणि टेनरचे दोन स्वर काढून आम्हाला दिले. टेनर अजून रुसलेत.