तुम्ही विचारलंत म्हणून: पर्यावरणशास्त्र शिकून पुढे काय?

"पर्यावरणशास्त्र घेतलं तर पुढे नोकरी मिळते का हो?" महिन्यातून एकदा तरी हे मला कुणी ना कुणी विचारतंच. पालक विचारतात तेव्हा आवाजात काळजी असते. मुलं विचारतात तेव्हा संकोच असतो, कारण त्यांचं मन विषयावर बसलेलं असतं आणि घरी काय सांगायचं ते सुचत नसतं. मी हाच विषय शिकले, मग काही वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आणि पुढे पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासात काम केलं. तेव्हा जे पाहिलंय तेच सांगते.

नोकरी मिळते. पण ‘पर्यावरणशास्त्रज्ञ पाहिजेत’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. सांडपाणी प्रक्रिया केंद्राला पाणी तपासणारा माणूस हवा असतो, कारखान्याला सुरक्षा आणि पर्यावरण विभाग सांभाळणारा, सल्लागार कंपनीला अहवाल लिहिणारा, आणखी कुणाला उपग्रहाची चित्रं वाचणारा. आणि त्या प्रत्येक जागेसाठी तुमच्या शेजारी रसायनशास्त्र, भूगोल किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेलं कुणीतरी बसलेलं असतं. ही अडचण खरी आहे. प्रवेश घेण्याआधीच ती कळलेली बरी.

मग या विषयात नक्की शिकवतात काय? बाहेरून वाटतं की झाडं, प्राणी, प्रदूषणाची भाषणं. मला हा विषय खऱ्या अर्थानं कळला तो एका बाटलीमुळे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची जी पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं 1888 मध्ये मांडली, तीच आम्ही शिकत होतो. बाटली अशी भरायची की आत एकही बुडबुडा राहता कामा नये. हवा शिरली की मोजणी खोटी. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि ढगासारखा खाली बसत जातो. आम्ल घातलं की तो विरघळून पाणी पिवळं होतं. त्यात ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. पिवळेपणा फिका झाला की स्टार्च घालायचा, सगळं निळं होतं, आणि मग एका थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. तो थेंब म्हणजे उत्तर: तिथवर जेवढं थायोसल्फेट लागलं, त्यावरून ऑक्सिजन किती ते कळतं.

एकदा सांडपाण्याच्या नाल्याच्या मुखाखालून आणलेल्या नमुन्यात साका पांढरा आला, म्हणजे ऑक्सिजन नाहीच. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. त्याच जागेच्या आणखी दोन बाटल्या होत्या, त्याही पांढऱ्या. बाईंनी एवढंच विचारलं, "बुडबुडा होता का?" मी नाही म्हटलं. "मग वहीत शून्य लिही." 20 अंश सेल्सिअसला स्वच्छ गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तिथे शून्य होतं. ते शून्य लिहिताना हात थबकला होता, ते अजून आठवतं.

ओझोनच्या छिद्राची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पण ते सापडलं कसं ते फारसं सांगितलं जात नाही. अंटार्क्टिकावरच्या हॅली बे तळावर 1950 च्या दशकापासून वर्षानुवर्षं एकाच प्रकारचं उपकरण आकाशाकडे धरून ओझोन मोजला जात होता. त्या साचलेल्या कागदी नोंदी संगणकात भरायचं काम जोनाथन शँकलिन या तरुणाकडे आलं. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि शँकलिन यांनी तिथला ओझोन घटत चालल्याचा निष्कर्ष 1985 मध्ये प्रसिद्ध केला आणि दोनच वर्षांत, 1987 ला, ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रिऑल करार झाला. एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्या मुळाशी रोजच्या रोज न कंटाळता घेतलेल्या नोंदी! शँकलिन मुळात भौतिकशास्त्राचे, हेही ध्यानात घ्या. या क्षेत्रात पदवीच्या नावापेक्षा तुम्हाला काय मोजता येतं ते जास्त चालतं.

आता माझ्या कामाबद्दल. मोठा प्रकल्प उभारण्याआधी त्याचा परिणाम अभ्यासायचा, ही कायद्याची सक्ती अमेरिकेत 1 जानेवारी 1970 ला सही झालेल्या कायद्यानं सुरू झाली आणि आज जगातल्या बहुतेक देशांत आहे. म्हणून या कामाला मागणी आहे आणि राहील. पण इथेच दबावही सगळ्यात जास्त. एकदा माझ्यासमोर भूजलाचा तक्ता आला, सहीसाठी. आकडे सगळे मर्यादेत, टापटीप. मी सवयीनं आयन बॅलन्स काढला. पाण्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचा जेवढा धन भार, तेवढाच क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट यांचा ऋण भार असावा लागतो; मोजणीतल्या चुकीमुळे थोडा फरक पडतो, तेवढाच. इथे दोन बाजूंत जवळपास एक तृतीयांश फरक होता. म्हणजे कुणीतरी आकडे बसल्या जागी लिहिले होते. वरिष्ठ म्हणाले, "एवढं कोण बघतंय?" मी सही केली नाही. पुन्हा नमुने घ्यावे लागले, मुदत हुकली, मला बरंच ऐकावं लागलं. आयन बॅलन्स पहिल्याच वर्षी शिकवतात. माझ्या शिक्षणाचं मोल मला त्या दिवशी कळलं.

बाकीच्या वाटा थोडक्यात. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळणं) आणि रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचणं) शिका, हे मी जोर देऊन सांगते: अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1972 ला गेला आणि 2008 पासून ती सगळी चित्रं मोफत आहेत, त्यामुळे घरी बसून सराव करता येतो. कंपन्या हवेत किती कार्बन सोडतात त्याचा हिशेब ठेवण्याच्या नोकऱ्या वाढल्या आहेत. आकडेमोडीची आवड असेल तर तिकडे जा. वन्यजीवांचं काम सगळ्यांना हवं असतं आणि जागा थोड्या असतात. पर्यावरण कायद्यासाठी कायद्याची पदवी वेगळी घ्यावी लागते, पण विज्ञान समजणारा वकील फार उपयोगी पडतो. संशोधन करायचं तर पदव्युत्तर शिक्षण टळत नाही. पहिली काही वर्षं उन्हातान्हात हिंडणं भरपूर आणि पगार बेताचा, हे मी कुणापासून लपवत नाही.

संख्याशास्त्र टाळू नका. खूप मुलं गणिताला घाबरून इकडे येतात आणि तिसऱ्या वर्षी अडकतात. विषय इतका पसरट आहे की सगळं थोडंथोडं येतं आणि कशातच हात बसत नाही. म्हणून एक काहीतरी धरा, पाणी, हवा, माती, नकाशे, काहीही, पण असं की त्या आकड्याखाली तुम्हाला बेधडक सही करता आली पाहिजे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपुस्तिकेवर थांबू नका. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणाऱ्या बीओडी चाचणीसाठी पाणी 5 दिवस 20 अंशांवर अंधारात, इन्क्युबेटर नावाच्या स्थिर तापमानाच्या कपाटात ठेवतात. तो इन्क्युबेटर चालू आहे का ते विचारा आणि दार उघडून बघा. आत बाटल्या असतील आणि त्यांवर मुलांच्या अक्षरात याच आठवड्याची तारीख असेल, तर तिथे प्रवेश घ्या.