पोळ्यानंतर तांबडे झालेले साग

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किनवट तालुक्यातील एका शेतकऱ्याचा निरोप आला, की बांधावरचे सगळे साग करपले असून व्यापारी उभा माल पडत्या भावात मागत आहे. वनकीटकांच्या अभ्यासात माझी बरीच वर्षे गेली आहेत, तरी तिथे पोहोचल्यावर मीही क्षणभर थबकलो. पैनगंगेकडे उतरणारी ती संपूर्ण टेकडी वणवा लागून गेल्यासारखी तांबूस दिसत होती.

"साहेब, औषध सांगा एखादं. नाहीतर विकून मोकळा होतो," काका म्हणाले. मुलीचे लग्न ठरलेले होते.

मी आधी खाली पडलेले एक पान उचलून उन्हाकडे धरले. लहानमोठ्या सर्व शिरा शाबूत होत्या आणि त्यांच्यामधला हिरवा गर तेवढा खरवडलेला होता, त्यामुळे पान बारीक जाळीसारखे दिसत होते. ही यूटेक्टोना मॅकेरॅलिस, म्हणजे पानांची जाळी करणारी अळी. सागाचा दुसरा मोठा शत्रू हायब्लिया प्यूरा हा कोवळी पालवी फुटताना येतो, पान मुख्य शिरांपर्यंत खाऊन टाकतो आणि ऐन वाढीच्या दिवसांत झाड उघडे पाडतो. केरळमधील निलंबूर येथे झालेल्या आणि 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 4 ते 8 वर्षे वयाच्या रोपवनात हायब्लियामुळे लाकडाच्या संभाव्य वाढीत 44 टक्के घट आढळली होती. जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र लक्षात घेण्याजोगी घट दिसली नव्हती. तरीही केरळच्या पावसातला निष्कर्ष मराठवाड्यात जसाच्या तसा लावणे मला पटत नव्हते. इथे ही अळी लवकर आली, तर नुकसान होणारच नाही असे कशावरून म्हणायचे?

उत्तर बांधावरच पडलेले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी वाऱ्याने उन्मळलेला एक साग काकांनी करवतीने कापून ठेवला होता. सागाच्या लाकडात हंगामाच्या आरंभी मोठ्या नळ्यांचा पट्टा तयार होत असल्याने एका वर्षाचे वलय दुसऱ्यापासून स्पष्ट वेगळे दिसते. मी ओंडक्याचा छेद ओला केला आणि भिंग काकांच्या हातात दिले. या वर्षाचे वलय, झाड पोळ्यालाच पडलेले असूनही, जवळपास मागच्या वर्षाच्या वलयाइतके रुंद झाले होते; म्हणजे अळी येण्याआधीच या वर्षाची बहुतेक वाढ उरकली होती.

"याआधी कधी झाडं अशी तांबडी झाली होती का?" मी विचारले.

"दोन वर्षांखाली झाली होती. तेव्हाही पोळ्यानंतरच."

सालीपासून आत मोजत त्यांनीच त्या वर्षाच्या वलयावर नख टेकवले. ते वलय शेजारच्यांपेक्षा अरुंद नव्हते. एका झाडावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी त्यांना सांगितले. पण पाने झडण्याच्या थोडे आधी येणाऱ्या अळीने त्यांचे लाकूड खाल्ले नव्हते, एवढे त्या छेदावर दिसत होते.

फवारणीला मी नकार दिला, त्याला आणखी एक कारण होते. कितीतरी जाळीदार पानांवर मेलेल्या अळ्यांशेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढुरके कोष होते. अळीच्या शरीरात वाढून बाहेर पडणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांचे ते कोष. नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका रोपवनात मी घाईने फवारणी सुचवली होती आणि नंतर तिथून गोळा केलेल्या कोषांतून एकही माशी निघाली नव्हती. ती चूक मला आजही सलते. या वेळी पाने बाटलीत घालून, तोंडाला मलमल बांधून बरोबर आणली; आठवड्याच्या आत काचेवर इवल्या काळ्या माश्या फिरू लागल्या.

काकांनी झाडे विकली नाहीत. निघताना मी त्यांना दोन चित्रे काढून दाखवली होती, एक जाळी झालेल्या पानाचे आणि एक हायब्लियाने खाल्लेल्या पानाचे, आणि पहिल्या पावसानंतरची पालवी दर दोन दिवसांनी पाहायला सांगितले होते.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. कोवळ्या पानाची कड कापून दुमडलेली होती आणि घडीत काळसर अळी बसलेली होती. खाली लिहिले होते, "साहेब, ही जाळीवाली नाही." दुसऱ्या दिवशी पहाटेच मी किनवटकडे निघालो.